सुतकाची रजा

"रजा नामंजूर, ताई. नवरा गेल्याचं दुःख तुमच्या मेंदूत दिसत नाही." घोलप साहेबांनी मेंदूचा नकाशा हेमलतासमोर सरकवला. सगळा राखाडी, दुःखाचा लाल ठिपका एकही नाही. "कालच्या स्कॅनमधून मार्चमधला वार्षिक स्कॅन वजा केला. फरक शून्य."

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार्चमध्ये, त्या स्कॅनच्या आधीच तर डॉक्टरांनी नवऱ्याच्या आजारापुढे हात टेकले होते. तेव्हापासून ती रोज रडत होती.

"दुःखातून दुःख वजा केलंत, तर शून्यच उरणार ना? तिकडे त्यांच्या नावाचा दिवा एकटा जळतोय!"

घोलप ओशाळले. "असं करा, आधी जरा सावरा. एखाद्या हसऱ्या दिवशी नवा स्कॅन द्या. मग कालच्यातून तो वजा केला, की दुःख नक्की दिसेल."

"हसायला तुम्हीच झोपा त्या यंत्रात!" ती ताडकन उठली. "मी चालले सुतक पाळायला."