मिक्श्चरचं पाणी

दुष्काळाचं दुसरं वर्ष. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष चाकूरचे डॉ. वसंतराव झाले होते. रविवारी लातुरात त्यांनी भाषण ठोकलं, डॉक्टरनं समाजाच्या पुढं चाललं पाहिजे. सोमवारी सकाळी ते खरंच पुढं चालले. दवाखान्याच्या दारात पिण्याच्या पाण्याची घागर ठेवली आणि तिच्यापाशी कंपाउंडर लिंबाजीला बसवलं.

लिंबाजीची अठरा वर्षं आतल्या पडद्यामागं गेली होती. मिक्श्चर करायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवायची, खिडकीतून बाहेर सरकवायची. तो कोणत्या वस्तीतला, हे चाकुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण पडद्यामागचं कुणी विचारतही नव्हतं. आज पाण्याची एवढी मारामार असताना तो धुतलेला सदरा घालून आला होता.

दोन कोस चालून आलेली धुरपताबाई घागरीपाशी थांबली. ग्लासाकडं पाहिलं, मग लिंबाजीकडं. "तहान न्हाई," म्हणाली. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मग रांगेत कुणालाच तहान राहिली नाही. दोघं तर उठून समोरच्या नव्या डॉक्टरकडं गेले. जिल्हा झाल्यापासून गावात डॉक्टरही वाढले होते.

वसंतरावांनी खुर्चीतून ते पाहिलं. घरून दुसरी घागर आणवली आणि विरूपाक्ष शिपायाला तिच्यापाशी बसवलं. लिंबाजीची हळू आवाजात समजूत घातली. दवाखाना टिकला तरच सुधारणा, वगैरे. अध्यक्षांना शब्दांची काय कमी.

"हाव साहेब," लिंबाजी म्हणाला. "मग ह्या पाण्याचं काय करू?"

"सांडू नकोस. आत ने. मिक्श्चरला होईल."

लिंबाजी घागर घेऊन पडद्याआड गेला. बाहेर धुरपताबाई तीन ग्लास प्यायली.

शिरूर अनंतपाळचे व्यंकटराव तपासून झाल्यावरही उठेनात. तालेवार माणूस, दर आठवड्याला गावाकडचे चार पेशंट घेऊन येणारा. सकाळचा प्रकार पाहून त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू का? मिक्श्चर कोन करतंय हितं?"

पडद्याआड बाटली हलवायचा आवाज थांबला.

वसंतरावांनी तिकडं पाहिलं नाही. "मीच करतो. आत नुसती पट्टी लावतात," ते म्हणाले.

आत बाटली पुन्हा हलू लागली. मग खिडकीतून बाटली बाहेर आली. पट्टी नेहमीसारखीच सरळ चिकटवलेली होती. व्यंकटरावांनी तिथंच पहिल्या खुणेपर्यंतचा डोस घेतला आणि मिशा पुसल्या.

"हाताला गुण हाय तुमच्या," ते डॉक्टरांना म्हणाले.