एकच खडक

कारखान्यांच्या धुरातला कर्बवायू जमिनीखालच्या खडकांत कायमचा कोंडायचा, तर देशात त्याला एकूण जागा किती, हे तिच्या कार्यालयानं सांगायचं होतं. प्रत्येक प्रांताची मोजमापं वेगळी, खडकांची नावंही वेगळी. ती एका मापात आणता आणता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. दोन प्रांतांनी दोन नावांनी दाखवलेला सगळ्यात मोठा खडक एकच होता. दोघांनीही तो अख्खा आपल्या खात्यात धरला होता.

नकाशे घेऊन ती तडक साहेबांकडे गेली. कॉलेजात खडक ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, यातली तिसरा हिस्सा जागा मुळात नाहीच! आणि तिच्या भरवशावर आपण नव्या भट्ट्यांना परवानग्या देतोय."

सरांनी दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले. "बरोबर आहे तुझं."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग आकडा खाली आणते."

"नको. आहे तसा राहू दे."

"अहो सर, वायू काय कागदात मावणार आहे?"

"अगं, हा खडक आपल्या सीमेपाशी थोडाच थांबतो? शेजारच्या देशानंही तो अख्खा आपलाच म्हणून मोजलाय. आपण एकट्यानंच आकडा उतरवला, तर नव्या भट्ट्या तिकडे जातील. त्यांनीही कमी करावा म्हणून मी स्वतः जाऊन त्यांच्या हातापाया पडलो होतो." सरांनी नकाशांची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. "ते म्हणाले, आधी तुम्ही कमी करा."

ती जागेवर परत आली. दोन्ही नावं तशीच ठेवून तिनं बेरीज केली.