बोंबलांची राखण

"हेमांगी, ऊठ! क्षेपणास्त्र सुटेल आता," सैन्यातले सुभेदार ओरडले.

"सुटू दे की! बोंबील वाळत असताना राखण सोडून कोण जातं?"

किनाऱ्यावरची नवी यंत्रढाल माणसं मोजायची. माणसांवर येणारं क्षेपणास्त्र ती हवेतच फोडायची, रिकाम्या जागेवरचं मात्र खुशाल पडू द्यायची. हेच तपासायला दर वेळी कोळीवाडा रिकामा करत. परतल्यावर मासळीचा कोळसा झालेला असे.

"तू बसलीस म्हणून ढाल ते फोडेलही. पण ढाल चुकली तर?" सुभेदार म्हणाले.

"चुकणारी ढाल शहरावर कशाला लावताय मग?"

तेवढ्यात हेमांगीची आई आली. "सरक गं जरा," म्हणत तिच्याशेजारी बसली. मागोमाग सगळा कोळीवाडाच परतला.

सुभेदारांनी वायरलेस उचलला. "चाचणी थांबवा. इथे माणसं राहतात."