स्वस्तातलं पथ्य

प्रेमराजने बूट काढला तसा खोलीत वास पसरला, तरी फोन काही त्याच्या कानावरून खाली आला नाही. मोजा टाचेला चिकटला होता. डॉ. कामिनींनी तो हळूहळू, पाणी लावून सोडवला.

"भिकन, अमळनेरनी गाडी भरी ठेव. मी येसच," प्रेमराज फोनवर कारखान्यातल्या माणसाला म्हणाला.

दिपमाला नवऱ्याकडे बघत उभी होती. तो आज आला होता, पण पायासाठी नव्हे. उपचार केंद्राला तुमचा व्हिडिओ काढायचा आहे, असं तिने त्याला बेधडक खोटं सांगितलं होतं. वर्षभर ज्याला मधुमेहाच्या तपासणीला यायला सवड नव्हती, त्याला कॅमेऱ्यापुढे यायला ती बरोबर सापडली. वर नवा शर्ट घालून आला.

जळगावातल्या या केंद्राची जाहिरातच होती, 'व्यस्त उद्योजकांसाठी एकत्रित उपचार'. डॉक्टर, वैद्य आणि योगशिक्षक तिघे एका टेबलाशी बसत आणि मिळून एकच दिनक्रम ठरवून देत. प्रेमराजने मात्र त्याची तीन कोटेशनं केली. चटईच्या कारखान्यात मोटार घ्यायची असली की तो हेच करी. तिघांकडून दर मागवी आणि सगळ्यात कमीचा पास करी. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, खाण्याचा हिशोब सांगितला, पाय जपायला सांगितलं. त्यातल्या गोळ्या त्याने पत्करल्या, कारण गिळायला वेळ लागत नाही. वैद्यांनी गोड तोडून चमचाभर तूप सांगितलं. तूप त्याला फार पटलं, चमचा तेवढा विसरला. योगशिक्षकाने वर्गाला सकाळी गवतावर अनवाणी चालायला सांगितलं आणि मधुमेहवाल्यांना त्यातून वगळलं. प्रेमराजने त्यातलं 'अनवाणी' घेतलं. गवतावर जायला वेळ कोणाला आहे? तो कारखान्यातच अनवाणी फिरू लागला. देखरेखही झाली आणि आरोग्यही, एका दगडात दोन पक्षी.

बरं, गुपचूप फिरावं की नाही? ते नाही. लग्नाच्या पंगतीत, मार्केट यार्डात, अगदी कोणाच्या मयतीला गेला तरी माणसाला धरून धरून हा सांगणार, की शरीराला वेळ द्या, पैसा काय येतो-जातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! दिपमालाला त्या पंगतीतून उठून जावंसं वाटे.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही मॅडम, फोड आहे साधा. दुखतबिखत नाही. व्हिडिओवाला कुठंय?"

"फोड नही शे तो," दिपमाला म्हणाली. "बोट जाई एवढं भोक पडेल शे टाचमा. देवळमा जावाले येळ नही तुमले, नि कारखानामा बिगर चप्पलना फिरतस!"

"डोकं नको खाऊ. सायन्स शे ते."

सायन्स! दहावीला याच विषयाने दोनदा गचांडी दिली होती, पण ते डॉक्टरांपुढे काढायचं नव्हतं. तिला धुळ्याचे वनाकाका आठवत होते. त्यांनाही टाचेलाच झालं होतं. आता त्यांना उचलून खाटेवर बसवावं लागतं, गुडघ्याखाली पाय नाही. हा मूर्ख आहे, बढाईखोर आहे, सगळं खरं. पण दोन पायांवर चालता राहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

फोन पुन्हा वाजला. प्रेमराजने मान मागे टाकली आणि छताकडे बघत भिकनला झापायला सुरुवात केली. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, जखम धुतली आणि चिमटा आत घातला. आणखी आत घातला. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आता हा ओरडेल, आता पाय ओढून घेईल. एरवी दाढी करताना जरासं कापलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस.

"भिकन, कडा शिवाना मशीनन्या सुया रोज कशा तुटतस रे?" तो फोनवर ओरडत होता. "नि तुटेल तुकडा जातस कोठे? बठ्ठा कारखाना झाडी काढ!"

डॉक्टरांनी चिमटा बाहेर काढला. टोकाशी सुईचा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, काळा पडलेला. त्यांनी तो स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. टाचेतून रक्त आणि पू वाहत होता. त्यांनी वाकून आणखी एकदा चिमट्याने आतलं हाड चाचपलं, मग दिपमालाकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, घरी नेऊ नका. आजच दाखल करू. मी सर्जनना बोलावते."

"पाय राहीन ना?" दिपमालाने विचारलं.

डॉक्टरांनी टाचेवर कापूस दाबून धरला.

दिपमालाने टेबलाची कड धरली. टोमणे तर तिच्याकडे आजन्म पुरतील एवढे होते, पण एकही तोंडात येईना. एकदा ओरडा हो, असं तिला आतून वाटत होतं. आई-बापाच्या नावाने बोंबला, मला शिव्या द्या, पण ओरडा.

प्रेमराजने फोनवर हात ठेवला आणि डॉक्टरांकडे पाहून मोठ्या मनाने हसला.

"करा ना मॅडम सुरू," तो म्हणाला. "घाबरू नका, मी सहन करीन."