दर्याचे दोन वाघ

“काच फोडलीस तर पिवळा कोट चढेल रे अंगावर!” त्याचा आश्रमातला सोबती सायलस मागून ओरडला.

ओबाडायाची काठी हवेतच राहिली. ग्रीनिचच्या आश्रमातले म्हातारे खलाशी तोफांना भ्यायले नाहीत, पण त्या पिवळ्या कोटाला भीत. कुणी दंगा केला की अंगावरचा निळा कोट उतरवायचा, पिवळा चढवायचा आणि रविवारी सगळ्यांदेखत उभं करायचं. मेल्याहून मेल्यासारखं.

“चढू दे!” ओबाडाया म्हणाला. “एकावर एक दोन चढवा म्हणावं!”

समोर चित्रांच्या दुकानाची खिडकी होती. आत दोरीला नवी चित्रं टांगली होती आणि बाहेर लंडनातली रिकामटेकडी माणसं फुकटात हसायला जमली होती. आजच्या चित्राखाली लिहिलं होतं, ‘दर्याचे दोन वाघ’. एक वाघ लाकडी पायाचा. तो पाय शेकोटीत घालून गाढ झोपलेला. पाय पेटलाय आणि पठ्ठ्याला पत्ताच नाही. दुसऱ्या वाघाची एक बाही रिकामी, उरलेल्या हातात बिअरचा मग आणि हसू कानापर्यंत. नाकं दोघांचीही बटाट्याएवढी. पहिला वाघ ओबाडाया, हे कुणीही ओळखलं असतं. दुसरा त्याचा जहाजावरचा जुना दोस्त जोनस. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

स्वतःचं ओबाडायाला काही वाटत नव्हतं. ट्रफाल्गरच्या लढाईत पाय देऊन आलेला माणूस, त्याचं चित्र काय वाकडं करणार? त्याला घोर होता तो जोनसच्या बायकोचा. डॉर्कस रोज धुण्याचं गाठोडं घेऊन याच रस्त्यानं जायची. परवाच ती त्याला म्हणाली होती, “भावजी, ह्यांचा आवाज आठवतो, चाल आठवते. चेहरा तेवढा पुसट होत चाललाय हो. रात्र रात्र डोळे मिटून बसते, पण येतच नाही समोर.” आणि अशा बाईने आता हे बघायचं? बटाट्याच्या नाकाचा दारुडा नवरा, अन् भोवती दात काढणारी ही गर्दी? छे! ती यायच्या आत चित्र गेलंच पाहिजे.

दुकानदार पेटिफर धावत बाहेर आला. “अहो बाबा, काठी खाली घ्या! काच महाग असते!”

“ते चित्र काढ. माझ्यादेखत फाड.”

“अहो, पण ते तुम्ही नाहीतच मुळी. तुमचा डावा पाय लाकडी, चित्रातल्याचा उजवा.”

“खरंच की!” सायलस खिदळला. “ओबाडाया, पाय कधी बदललास रे? सांगितलं नाहीस ते!”

गर्दीत हशा पिकला. पेटिफरची ही नेहमीचीच पळवाट होती. तांब्याच्या पत्र्यावर जे सरळ कोरावं ते छापताना कागदावर उलटं उमटतं. चांगला कारागीर आधीच उलटं कोरतो. पण हा घाईचा माल, एवढा वेळ कुणाला? तेव्हा कुणी भांडायला आलंच की पेटिफर डाव्याउजव्याकडे बोट दाखवून मोकळा व्हायचा.

“मला शिकवतोस होय रे?” ओबाडायाने पुन्हा काठी उगारली. पेटिफर मुकाट्याने आत गेला, चित्र काढून घेऊन आला आणि फाडण्यासाठी त्याने ते दोन्ही हातांत धरलं.

“थांबा!”

डॉर्कस होती. धुण्याचं गाठोडं तिने रस्त्यातच टाकलं, पुढे आली आणि पेटिफरच्या हातातून चित्र काढून घेतलं. घाबऱ्या घाबऱ्या ओबाडायाने पेटिफरचीच पळवाट धरली.

“वहिनी, तो आपला जोनस नाही हं. भलताच कुणीतरी आहे मेला. बघा ना, जोनसचा उजवा हात गेला होता. याचा डावा गेलाय.”

“हो हो, भलताच आहे, बाई,” पेटिफरनेही मान डोलावली.

डॉर्कसचं लक्षच नव्हतं. ती चित्रातल्या त्या कानापर्यंतच्या हसूवरून अलगद अंगठा फिरवत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती.

“देव तुमचं भलं करो,” ती पेटिफरला म्हणाली. “ज्यानं हे काढलं त्याचे हात सुखी राहोत. फार उपकार झाले हो माझ्यावर.”

त्या दुकानाला आजवर शिव्याच मिळाल्या होत्या. पेटिफरने मान खाली घातली. “राहू द्या तुमच्याकडेच,” तो पुटपुटला.

“अहो वहिनी, पण हात उलटा आहे!” ओबाडाया काकुळतीला आला.

“तुम्हाला उलटा, भावजी. उजवा हात गेल्यापासून ह्यांची दाढी मीच करायची. मागे उभी राहून, भिंतीवरच्या आरशात बघत. मला हे रोज असेच दिसायचे.”