ठसका थांबला तेव्हा

डॉक्टर हेइमुलींनी लाविनियाच्या वडिलांच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. तिला त्यात पांढरे डाग दिसले, पीठ भुरभुरल्यासारखे.

"हे बघ. श्वासनळीच्या फांद्यांपासून सुरुवात झालीय, मग आजूबाजूच्या फुप्फुसात पसरलंय. न्यूमोनिया."

"पण सर्दी नव्हती, ताप नव्हता. नुसते पेंगत असायचे."

"म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही. जेवण कसं द्यायचीस?"

लाविनिया सांगू लागली. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांना, सेमिसींना, बसवलं की मान कलंडायची. म्हणून ती त्यांना निजवूनच भरवायची. कुस्करलेलं रताळं, माशाचा रस्सा.

"सुरुवातीला घासागणिक ठसका लागायचा. मग आपोआप थांबला. रविवारी चर्चमध्ये आम्ही देवाचे आभारसुद्धा मानले."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली घेतला.

"ठसका बरा होऊन नाही थांबला, पोरी. घास भलतीकडे चाललाय हे घशाला कळेनासंच झालं. अन्न श्वासनळीत उतरत राहिलं."

लाविनिया बाकावर बसली.

"म्हणजे मी..."

"औषध सुरू केलंय. आता आम्ही सांगेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. कुणीही."

ती वॉर्डात आली तेव्हा मेलेआने आत्या खाटेला खेटून बसली होती, कमरेला, चारचौघांत जाताना रिवाजाने नेसायची मानाची चटई गुंडाळून. मांडीवर वाडगा, त्यात नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. सेमिसींनी वास ओळखून तोंड उघडलं होतं. चमचा त्यांच्या ओठांपाशी पोचला होता.

"आत्या, नको!"

आत्याने सावकाश मान वळवली. बापाच्या बहिणीचा शब्द बापाच्याही वर. तिला घरात आजवर कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं, खुद्द सेमिसींनीसुद्धा.

"काय म्हणालीस?"

"त्यांना काही देऊ नका. घास फुप्फुसात जातोय. त्यानेच आजारी पडलेत."

"अन्नाने कुणी आजारी पडतं होय? बरगड्या बघ त्याच्या! बापाला उपाशी मारायला निघालीस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आत्या."

"डॉक्टरांना काय कळतंय! अन्नानेच आजारी पडला म्हणतेस, तर इतके दिवस भरवत कोण होतं त्याला?"

शेजारच्या खाटेवरची कुजबूज थांबली.

"मी," लाविनिया म्हणाली. "मीच भरवत होते."

तिने वाकून आत्याच्या हातातून चमचा काढून घेतला, मग वाडगा. आत्याचे रिकामे हात तसेच अधांतरी राहिले.

सेमिसी लेकीकडे बघत होते. तोंड अजून उघडंच होतं.