मागचा खांदा

"एलिचपुराचा एक लंगडा हवालदार तुमचं घर विचारून राह्यला," गाडीवानानं दारातून सांगितलं, आणि जानराव भोयाच्या हातातला घास ताटातच राहिला.

त्या वर्षी कापसानं अमरावतीला नुसतं येड लावलं होतं. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, आणि इकडं भाव चढून बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. शेठ लोकांना पालखीबिगर पाऊल उचलवेना. भोयांची चंगळ होती, आणि त्या भोयांचा नाईक होता जानराव. मोठा सुखी माणूस! हे नाईकपण त्याला एका गोष्टीवर मिळालं होतं.

सहा वर्षांमागं, बंडाच्या धामधुमीत, तो पलटणीच्या दवाखान्याची डोली वाहायचा. काल्पीच्या वाटेवर असं ऊन पडलं, की चारांतले दोन भोई जागीच कोसळले. उरले दोघं, पुढं नत्थुजी, मागं जानराव. त्या दोघांनी जखमी हवालदाराला चार कोस नेलं, तंबूपाशी अलगद उतरवलं, आणि मग जानराव भोवळ येऊन पडला.

ही गोष्ट निघाली की नत्थुजी मिशीत हसायचा. "मागच्या खांद्यानंच वाचवलं रे बाप्पा," एवढंच म्हणायचा. बिचारा गेल्या साली मरीच्या साथीत गेला.

पण खरं सांगायचं तर जानरावाला त्यातलं एक कडुलिंबाचं झाड तेवढं आठवत होतं. तिथं डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि जाग आली ती तंबूत. मधलं सगळं मनकर्णेनं, त्याच्या बायकोनं, सांगितलेलं. ती पाण्याची घागर घेऊन डोलीमागं चालायची.

"अवं, मी त्या झाडापाशी डोली टाकून पळालो तर नसन?" त्यानं ताटावरूनच तिला विचारलं.

मनकर्णा चुलीपाशी गरम विटेनं खांदा शेकत होती. थंडी पडली की तिचं हे दुखणं उठायचंच. दळणानं झालं, असं ती म्हणायची.

"तुमी आन् पळनार? काहीतरीच!" ती फणकारली. "मुकाट्यानं भाकर खा. मले भाजी आनाले जायचं हाय."

"पाहुणा येऊन राह्यला आन् तू बाहीर चालली?"

तिनं टोपली उचलली. तेवढ्यात अंगणात कुबडी वाजलीच.

हवालदारामागं अर्धी भोईआळी गोळा झाली होती. डोलीतला जखमी तो हाच, खुशालराव त्याचं नाव. पेन्शन झाली, चालता येऊ लागलं, तसा तो माग काढत आला होता. जानराव उठून उभा राहिला. गप्प बसून मान मिरवता आला असता. पण त्या झाडानं त्याला सहा वर्षं नीट झोपू दिलं नव्हतं.

"हवालदारसाहेब, चार लोकायसमोर सांगतो. त्या लिंबाच्या पुढचं मले काहीच आठवत नाई. तुमाले टाकून पळालो असन तर आत्ताच सांगा. नाईकपन इथंच सोडतो."



"पळाला नाई तू," हवालदार म्हणाला. "पडला. पार तोंडाले फेस आला होता तुह्या. नत्थुजीनं तुले सावलीत ओढलं, म्या डोलीतून पाह्यलं."

जानरावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याच्या ध्यानात आलं. "मंग... डोली?"

"डोली थांबली नाई."

मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली होती. हवालदाराला पाहताच तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला आणि पाठ फिरवली.

खुशालराव जानरावाला ओलांडून पुढं गेला. कुबडी भिंतीला टेकवली, एका पायावर कसाबसा वाकला आणि मनकर्णेच्या पायांवर हात ठेवला.

"माय, तो खांदा अजून दुखते काय?"